जुन्या वॅगनआरचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे आहेत. डावीकडचा आतला पॅड जास्त झिजला आहे

मानेवाडा_वॅगनआर

गाडी २००९ ची वॅगनआर, जुना चौकोनी आकार, १.१ पेट्रोल, एबीएस नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक हलका दाबला की पुढून डावीकडे बारीक शिट्टीसारखा आवाज येऊन राहिला आहे. चाक काढून पाहिलं तर डावीकडचा बाहेरचा पॅड साधारण ६ मिमी शिल्लक आहे, आतला जेमतेम २. उजवीकडचे दोन्ही ५ च्या आसपास. (मागची लोखंडी पाटी सोडून, फक्त घासणारा भाग मोजला आहे.)

पॅड पहिल्यांदाच बदलणार आहे. जवळ गाडीसोबतचा जॅक, व्हीलपाना, ८ ते १९ चे रिंगपाने आणि एक मोठा सी-क्लॅम्प आहे. जागा म्हणजे नागपुरात घराशेजारचा रिकामा प्लॉट.

विचारायचं हे:
१) फक्त डावीकडचे पॅड बदलले तर चालतील का?
२) ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेवर आली होती म्हणून मागच्या महिन्यात वरपर्यंत भरली. पॅड बदलताना ऑइल काढावं लागतं का?
३) डिस्कच्या बाहेरच्या कडेला नखाला लागेल अशी धार आली आहे. लेथवर मारून घ्यावी का?

---

पिना_तपासा

पॅड बदलले की शिट्टी जाईल. पण २ आणि ६ हा फरक कशामुळे पडला ते शोधलं नाही तर नवा सेटही तसाच एका बाजूनं खाल्ला जाईल.

या गाडीचा कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) एका पिस्टनचा आणि सरकता आहे. पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. तो पॅड डिस्कला टेकला की उलट्या जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. पिनांवरचं ग्रीस सुकलं, पिनेवरचं रबरी टोपण म्हणजे बूट फाटून आत पाणी गेलं, गंज धरला की कॅलिपर सरकत नाही. मग ब्रेकचं सगळं काम आतल्या पॅडवर पडतं आणि बाहेरचा नुसती हजेरी लावतो. तुमच्या मापांवरून डावीकडे हेच झालेलं दिसतं.

झीज वाचायची रीत लक्षात ठेवा. आतला जास्त झिजला तर आधी पिना पाहायच्या, त्या मोकळ्या असतील तर पिस्टन. बाहेरचा जास्त झिजला तर कॅलिपर आवळतो, पण पिनांवरून परत मोकळा होत नाही. एकच पॅड तिरपा, पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे किंवा पॅडचे कान (पाटीची दोन टोकं) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड आणि पिना धरणाऱ्या चौकटीत, अडकलेत. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा पुष्कळ पातळ आणि तेच चाक जास्त तापतं, तर पिस्टन परत येत नाही किंवा रबरी होज (कॅलिपरला ऑइल नेणारी नळी) आतून बंद झाला आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पॅड नेहमी एका ॲक्सलचे चारही बदलायचे. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले की दोन्हीकडची पकड वेगळी होते आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणजे पातळी खाली गेली होती ती बहुधा पॅड झिजल्यामुळे. आता वरपर्यंत भरलेल्या डबीत पिस्टन मागे ढकलला की तेवढंच ऑइल वर येऊन सांडणार. सुरुवात करायच्या आधी स्वच्छ सिरिंजनं पातळी खालच्या खुणेच्या जरा वर आणून ठेवा. खुणेच्या खाली नको. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. ब्रेक ऑइल रंग उचलतं.

---

घाटरोड_पार्टवाला

भाऊ, दुकानात जाताना आरसी किंवा चेसिस नंबरचा फोटो घेऊन जा. "वॅगनआरचे पॅड" एवढंच सांगितलं तर २०१० नंतरच्या मॉडेलचे हातात पडू शकतात. जुना पॅड पिशवीत घेऊन गेलात तर आणखी चांगलं. कानांचा आकार आणि पाटीची लांबी काउंटरवरच जुळवून घ्या.

घाट रोडला मारुतीचा ओरिजनल, बॉश, राणे, टीव्हीएस गर्लिंग यांपैकी काही ना काही मिळतं. कंपनीच्या नावापेक्षा माल खरा आहे का ते पाहा: डब्यावरचा होलोग्राम, पार्ट नंबर, पाटीवर कोरलेला बॅच नंबर, आणि घासणारा भाग पाटीला सगळीकडे नीट चिकटलेला. कडेला फट दिसली तर तिथेच परत करा.

पॅडच्या सेटसोबत हे घ्या: दोन्ही बाजूंचे पिन-बूट किट, सिलिकॉनचं रबर ग्रीस, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, डीओटी ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलची २५० मिलीची सीलबंद बाटली. किट विसरलात तर चाक काढलेलं असताना दुसऱ्याच्या गाडीवर परत यावं लागतं. ॲक्सल स्टँडची जोडी इतवारीत हार्डवेअरवाल्यांकडे विचारा. गाडीसोबतच्या जॅकवर सगळं काम करू नका बाप्पा.

---

हळू_पण_नीट

पद्धत सांगतो. पहिल्यांदा करत असाल तर सकाळी लवकर सुरू करा. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ होतं आणि जॅक त्यात बसतो. तुमचा तर प्लॉट आहे, म्हणजे काळी माती. वरून टणक वाटली तरी वजन आलं की खचते, पावसाळ्यात तर विचारूच नका. समोरचा काँक्रीटचा रस्ता सपाट असेल तर तिथे करा. नाहीतर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळी घाला, फरशीचा तुकडा नको, तो फुटतो. आताच चालवून आणलेली गाडी असेल तर तासभर थंड होऊ द्या.

हँडब्रेक ओढा (या गाडीत तो मागच्या ड्रमवर असतो, म्हणून पुढचं चाक काढताना उपयोगी पडतो), पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच चारही नट १९ च्या पान्यानं अर्धा आटा सैल करा. मग दाराखालच्या पट्टीवर जॅकसाठी खाचा आहेत तिथेच जॅक लावा. गाडी वर गेली की स्टँड लावून वजन त्याच्यावर द्या. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. चुकून गाडी घसरली तर चाकावर थांबेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की कोणती पट्टी कुठे होती हे तिथे जाऊन पाहता येतं. उघडायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढाच.

स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की कॅलिपरची मागची बाजू समोर येईल. तिथे पिनांचे दोन छोटे बोल्ट दिसतील. ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट वेगळे, त्यांना आत्ता हात लावू नका. खालचा छोटा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा वर फिरतो. पण तुमच्या पिनांवर शंका आहे, म्हणून दोन्ही बोल्ट काढा आणि कॅलिपर पूर्ण बाजूला घ्या. बोल्टबरोबर पिन फिरायला लागली तर तिच्या चपट्या भागाला पातळ पाना लावून धरा. सुटलेला कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका. बाइंडिंग वायरनं स्प्रिंगला बांधा. होज बाहेरून चांगला दिसतो, पण ताण आला की आतून फाटतो, आणि नंतर ब्रेक का चिकटतो ते सापडत नाही.

जुने पॅड काढा. मागच्या पातळ पत्र्याच्या शिम आणि ब्रॅकेटमधल्या क्लिपा फेकू नका, नव्या सेटमध्ये नसतील तर त्याच साफ करून लावायच्या आहेत. एका पॅडला पत्र्याची छोटी जीभ असते, झीज झाली की ती डिस्कला लागून वाजते. तुमची शिट्टी तीच असण्याची शक्यता जास्त. नवा लावताना ती जीभ जुन्यात जिथे होती तिथेच यायला हवी.

आता साफसफाई. धूळ तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये काय असेल सांगता येत नाही, ॲस्बेस्टॉससुद्धा असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओलं पुसून घ्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यातलं काहीही नको, रबर फुगतं आणि डिस्कवर तेलकट थर राहतो. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशनं घासून धातू दिसेपर्यंत काढा. नवा पॅड तिथे हातानं सरकला पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवावा लागत असेल तर गंज राहिला आहे.

पिस्टन ढकलायला जुना पॅड पिस्टनच्या तोंडावर ठेवा आणि सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. सरळ आत जायला हवा, तिरका नको. मधूनमधून ऑइलची डबी पाहत राहा. पिस्टनवरचं धुळीचं रबर फाटलेलं असेल तर आत ढकलायच्या आधीच थांबा; पाणी जाऊन पिस्टन गंजलेला असू शकतो, आणि तो गंज सीलमधून आत गेला की गळती सुरू होते. तिथे कॅलिपर रिपेअर किट लागतं. (मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन फिरवत आत घ्यावा लागतो, तिथे क्लॅम्पनं दाबला तर आतली यंत्रणा मोडते. तुमच्या गाडीला हे लागू नाही.)

पिना काढून पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. बेअरिंगचं ग्रीस लावू नका, त्यातलं खनिज तेल बुटाचं रबर फुगवतं आणि पिन पुन्हा अडकते. ग्रीस भरभरूनही नको. भोकात हवा आणि ग्रीस कोंडलं की पिन दाबल्यावर उसळून परत येते. काही कॅलिपरमध्ये वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीच्या टोकाला रबर असतं. अदलाबदल करू नका. पॅडच्या कानांना आणि पिस्टन टेकतो त्या पाटीच्या मागच्या भागाला जास्त तापमानाचं ग्रीस नखभर. घासणाऱ्या बाजूला बोटही नको.

पॅड बसवा, कॅलिपर लावा, बोल्ट हातानं आट्यात घालून मगच पाना लावा. पिनांचे बोल्ट लहान आहेत, पान्यावर पाय देऊन उभं राहायचं नसतं. चाकाचे नट समोरासमोर अशा क्रमानं, गाडी खाली आल्यावर साधारण ८५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळणारा) नसेल तर पंक्चरवाल्याकडून एकदा तपासून घ्या, फक्त एअर गननं आवळायला सांगू नका.

आणि गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल दाबा. पिस्टन मागे गेलेला आहे, पहिले काही दाब पोकळ जातील. हे विसरलं की गाडी गेटमध्ये जाते.

---

कॅलिपरचा_मित्र

वरचं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो आणि एकीवर माझं मत जरा वेगळं आहे.

पहिलं, पेडल दाबताना. २००९ च्या गाडीत मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या पंपाचं) सील रोज जितका प्रवास करतं त्याच्या पुढच्या भागात मळ आणि गंज बसलेला असतो. पेडल एकदम फळीपर्यंत दाबलं तर सील त्या खरखरीत भागावरून घासतं आणि नव्या पॅडसोबत नवी गळती मिळते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा किंवा अर्धाच दाब देत पंधरा-वीसदा हळू दाबा. पेडल टणक झालं की थांबा. टणक झाल्यावर एक मिनिट पाय दाबून ठेवा. हळूहळू खाली जात असेल तर गाडी बाहेर काढू नका.

दुसरं, पिस्टन ढकलताना ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ऑइल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून जुनं ऑइल बाहेर काढावं, असं बरेच मेकॅनिक सांगतात. त्यांचं म्हणणं, घाण ऑइल उलटं मास्टर सिलिंडरकडे जायला नको. मुद्दा चुकीचा नाही. पण जुन्या गाडीचं निपल गंजलेलं असतं, मोडलं तर अख्खा कॅलिपर गेला, आणि उघडलं म्हणजे हवा जायची भीती. पहिल्यांदा काम करणाऱ्यानं निपलला हात लावू नये, असं माझं मत. पिस्टन हळू ढकला, डबीतून ऑइल काढा. ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर पुढच्या आठवड्यात सगळं बदलून घ्या, ते वेगळं काम म्हणून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या डीओटी ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी शोषलेल्याचा १४० पर्यंत खाली येतो. घाटात पेडल मऊ पडतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी बदलायचं. डीओटी ४ मिसळला तरी चालतो, डीओटी ५ नाही, तो सिलिकॉनचा आहे.

तिसरा प्रश्न, डिस्क. बाहेरची धार म्हणजे पॅड पोहोचत नाही तिथला न झिजलेला भाग. तेवढ्यासाठी लेथवर घालायची गरज नाही. ब्रेक दाबल्यावर पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं का? पृष्ठभागावर खोल चऱ्या आहेत का? दोन्ही नसेल तर डिस्क तशीच ठेवा, ८० नंबरचा पॉलिश पेपर वर्तुळात न फिरवता आडवा-तिडवा मारून चकाकी काढा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरनं मोजा. व्हर्नियर त्या धारेवर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान जाडीच्या जवळ आली असेल तर लेथ म्हणजे पैसे पाण्यात, दोन्ही डिस्क नव्या घ्या. आतल्या पॅडच्या बाजूचा पृष्ठभाग पाहायला विसरू नका, २ मिमीचा पॅड तिकडेच घासत होता.

---

मानेवाडा_वॅगनआर

सर्वांचे आभार. डावीकडे उघडलं. वरची पिन मोकळी निघाली, खालची जागची हलत नाही, बूट फाटलेला आहे. पिस्टनचं रबर ठीक आहे, पिस्टनही क्लॅम्पनं आत गेला. पिन हातोडीनं ठोकून काढू का? शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गॅस आहे.

---

पिना_तपासा

ठोकू नका. पिनेचं तोंड फुललं की ती भोकातून कधीच निघणार नाही.

ब्रॅकेट गाडीवरून काढा. आता ते दोन मोठे बोल्ट सोडायचे. ब्रॅकेट शिकंजात धरा, फाटका बूट कापून टाका, भोकाच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पिनेच्या चपट्या भागाला पाना लावून आधी फिरवा, ओढू नका. थोडं घड्याळाच्या दिशेनं, थोडं उलट. फिरायला लागली की फिरवत फिरवत बाहेर येते. गॅस लावायचाच तर ब्रॅकेट गाडीपासून लांब, सगळी रबरं काढून, ब्रेक क्लीनर पूर्ण उडून गेल्यावर. ब्रेक क्लीनर ओलं असताना ज्वाळा जवळ नेणं जिवावरचं काम आहे: काही क्लीनर पेटतात, क्लोरीनवाले तापले की विषारी वायू सोडतात.

पिनेवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर मारत बसू नका, किटमधली नवी घाला. भोक आतून गोल ब्रशनं साफ करा, क्लीनरनं धुवा, कोरडं होऊ द्या. नवी पिन बोटाच्या जोरानं आत-बाहेर झाली पाहिजे. नाही झाली तर ब्रॅकेटच बदला. उजवीकडची मापं बरोबर असली तरी तिथल्या दोन्ही पिना काढून ग्रीस करा, त्यांचंही वय तेवढंच आहे. तेलाचा एक थेंबही पॅडवर किंवा डिस्कवर गेला नाही ना हे शेवटी पाहा. पॅडनं तेल पिलं असेल तर तो धुऊन उपयोग नाही.

---

घाटरोड_पार्टवाला

ब्रॅकेटचे मोठे बोल्ट परत लावताना मॅन्युअलमधला टॉर्क पाहून टॉर्क पान्यानंच आवळजा. अंदाजानं लावायची ही जागा नाही. पाना नसेल तर त्या एका कामापुरता गॅरेजवाल्याला बोलवा, तो येतो.

---

हळू_पण_नीट

सगळं लागलं की पॅड रुळवायला सकाळी सहाच्या सुमारास मिहानकडचा मोकळा, रुंद रस्ता घ्या. मागे कोणी नाही हे पाहून ६० वरून २० पर्यंत मध्यम जोरानं आणा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर हवा लागू द्या. त्यानंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी छापला जातो आणि पुढे थरथर सुरू होते. पहिले २००-३०० किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा, चिखलदऱ्याचा बेत असेल तर त्यानंतर. हलका वास किंवा थोडा धूर पहिल्या दिवशी येऊ शकतो.

घरी आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न टेकवता धग पाहा. डावीकडे स्पष्ट जास्त असेल तर ते चाक उचलून हातानं फिरवा. अडकत असेल तर पिना नव्या आहेतच, मग होज किंवा पिस्टन. तेव्हा मात्र निपल उघडून पाहावं लागतं: ऑइल जोरात उडून चाक मोकळं झालं तर दाब होजमध्ये किंवा त्याच्या मागे मास्टर सिलिंडरमध्ये अडकला होता, नाही झालं तर पिस्टन जाम. हे गॅरेजमध्ये करा. नट ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. आणि ऑइलची पातळी आत्ता, सगळे पॅड नवे असताना, वरच्या खुणेला आणून ठेवा.